वनौषधी, यकृत आणि कोलेस्टेरॉल : संशोधन काय सांगते?

(संस्थेच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात रुग्णालय प्रशासकांनी केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून आम्ही खाटांची संख्या, बाह्यरुग्ण विभागाचे काम आणि निधीचा विनियोग यांचा वृत्तान्त आपणांपुढे ठेवीत असतो. तो सर्व तपशील अहवालाच्या पुढील पानांत छापला आहे, म्हणून येथे वाचून दाखवीत नाही. आज एका पत्राविषयी आणि त्या पत्रामुळे आम्हांला कराव्या लागलेल्या अभ्यासाविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा विश्वस्तांनी दिली आहे.

संस्थेच्या एका जुन्या हितचिंतक कुटुंबाने आपल्या दिवंगत मातोश्रींच्या स्मरणार्थ भरघोस देणगी देऊ केली. अट एकच होती. त्या रकमेतून यकृत निरोगी राखणारी व कोलेस्टेरॉल उतरवणारी, वनौषधींच्या अर्कांची कॅप्सूल खरेदी करावी आणि गरजू रुग्णांना ती वर्षभर विनामूल्य द्यावी. अशा औषधाने मातोश्रींना बरे वाटले होते आणि तोच लाभ इतरांना व्हावा, ही त्यामागची भावना. धर्मादाय संस्थेच्या प्रशासकाला देणगी स्वीकारण्याची सवय असते, ती स्वीकारण्याआधी प्रश्न विचारण्याची फारशी नसते. विश्वस्त मंडळाने मात्र प्रश्न विचारला : या वनस्पतींवर शास्त्रीय संशोधन झाले आहे काय, आणि झाले असल्यास त्याचा निष्कर्ष काय?

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. ताळेबंद वाचता येतो, रक्ताचा अहवाल वाचता येत नाही. तेव्हा आपले मानद फिजिशियन आणि आपल्याच आयुर्वेद विभागातील वैद्य या दोघांनी काही संध्याकाळी आमची शिकवणी घेतली. पुढील निवेदन त्या दोघांनी तपासून दिलेले आहे. माहिती त्यांची, भाषा आमची. आरंभीच वैद्यांनी एक दुरुस्ती केली, तीही सांगतो. आयुर्वेदात 'अर्क' म्हणजे ऊर्ध्वपातन करून काढलेले पाणी. कॅप्सूलमध्ये जे भरतात ते शास्त्राच्या भाषेत घनसत्त्वाच्या जवळचे. परंतु पाकिटावर अर्क असाच शब्द असतो, म्हणून आम्हीही तोच वापरतो.

यकृत आणि कोलेस्टेरॉल यांचा एकत्र विचार का करावयाचा? शरीराला लागणारे कोलेस्टेरॉल मुख्यत्वे यकृतच तयार करते, रक्तातील जादा कोलेस्टेरॉल परत उचलून घेण्याचे कामही तेच करते, आणि त्याच मालातून पित्ताचे आम्ल बनवून आतड्यात सोडते. उत्पादक, वसुली अधिकारी आणि विल्हेवाट लावणारा असा तिहेरी पदभार एकाच अवयवाकडे आहे. कोलेस्टेरॉलवरील बहुतेक औषधे, मग ती झाडाची असोत वा कारखान्याची, यकृताच्या दारातूनच जातात.

आता गुग्गुळ. या विषयात भारतीय संशोधनाची सर्वांत अभिमानास्पद आणि सर्वांत बोधप्रद कथा हीच आहे. १९६६ साली बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी आपल्या प्रबंधासाठी सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाचे वर्णन घेतले. मेद वाढतो, स्रोतसांचे मार्ग अडतात आणि त्यावर गुग्गुळ उपयोगी पडतो, असा त्या वर्णनाचा आशय. त्यांनी सशांना चरबीयुक्त आहार देऊन त्यावर गुग्गुळाचा प्रयोग केला आणि कोलेस्टेरॉल उतरलेले आढळले. पुढे लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने हे काम हाती घेतले. डिंकातून इथिल ॲसिटेटने अर्क काढला, त्यातील गुग्गुलस्टेरोन ही द्रव्ये ओळखली आणि 'गुगुलिपिड' हे प्रमाणित औषध सिद्ध केले. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते बाजारात आले. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय चाचणीत १२५ रुग्णांना गुगुलिपिड दिले होते. त्यांचे कोलेस्टेरॉल सरासरी ११ टक्के आणि ट्रायग्लिसराइड सुमारे १७ टक्के उतरले. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला क्लोफिब्रेट हे त्या काळचे रूढ औषध दिले होते. १९९४ साली ६१ रुग्णांवर झालेल्या दुसऱ्या भारतीय चाचणीत, फळे व भाज्यांच्या आहारासोबत गुग्गुळ घेणाऱ्यांचे एल.डी.एल., म्हणजे अपायकारक समजले जाणारे कोलेस्टेरॉल, साडेबारा टक्के कमी झाले. २००२ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी 'सायन्स' या ख्यातनाम नियतकालिकात गुग्गुलस्टेरोन यकृताच्या पेशीत कोणत्या ठिकाणी काम करते, तेही दाखवून दिले.

येथवर वाचून आम्ही देणगीच्या बाजूने झुकलो होतो, हे मान्य केले पाहिजे. मग २००३ साल आले. फिलाडेल्फियातील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाने १०३ प्रौढांवर केलेली चाचणी अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. काहींना गुगुलिपिड, काहींना त्याहून दुप्पट मात्रा, आणि काहींना दिसायला तशीच पण औषधाविना असलेली गोळी, जिला डॉक्टर मंडळी प्लासिबो म्हणतात. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही. आठ आठवड्यांनी हिशेब केला तेव्हा प्लासिबो घेणाऱ्यांचे एल.डी.एल. ५ टक्के उतरले होते आणि गुगुलिपिड घेणाऱ्या दोन्ही गटांचे ४ व ५ टक्के चढले होते. शिवाय सहा जणांच्या अंगावर पुरळ उठले.

मग आपले लोक खोटे बोलत होते काय? मुळीच नाही. आहार निराळा, माणसे निराळी, आणि मुख्य म्हणजे तुलनेची पद्धत निराळी. आमच्या फिजिशियनांनी येथे आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधले, जी आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटली. १९८९ च्या चाचणीत ज्या क्लोफिब्रेटशी गुगुलिपिडची तुलना केली, त्या क्लोफिब्रेटने कोलेस्टेरॉल उतरत असे हे खरे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीत १९७८ च्या सुमारास असे आढळले होते की ते औषध घेणाऱ्यांमध्ये एकूण मृत्यू अधिक झाले. अहवालावरचा आकडा सुधारला आणि माणूस गमावला. याउलट १९९४ साली स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांवरील चाचणीत सिमव्हास्टॅटिन देऊन पाच वर्षांहून अधिक काळ पाहिले, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण ३० टक्क्यांनी घटले. गुग्गुळाच्या बाबतीत आकड्यापलीकडचा हा हिशेब कोणी मांडलेलाच नाही. आणि आता तो मांडणेही अवघड होत चालले आहे, कारण कच्छ व राजस्थानातील हे झुडूप बेसुमार चिरा देऊन डिंक काढल्याने अतिसंकटग्रस्त वनस्पतींच्या जागतिक यादीत जाऊन बसले आहे. जे औषध वर्षभर फुकट वाटायचे म्हणतो, ते मुळात किती झुडपे मारून येते, हा प्रश्न आमच्या टिपणात वैद्यांनी आग्रहाने घालायला लावला.

काविळीकडे वळू. महाराष्ट्रात क्वचितच असे गाव असेल जेथे काविळीचे औषध देणारा कोणी नाही. कोणी नाकात थेंब टाकतो, कोणी गळ्यात माळ बांधतो, कोणी पाला वाटून देतो, आणि सर्वांचे रुग्ण बरे होतात. याचे कारण असे की दूषित अन्नपाण्यातून होणारी 'ए' आणि 'ई' प्रकारची कावीळ बहुतेक निरोगी माणसांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते. गर्भवती स्त्रियांना मात्र 'ई' प्रकार प्राणघातक ठरू शकतो, त्यांनी एक दिवसही दवडू नये. इतरांच्या बाबतीत कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते आणि श्रेय कावळ्याला मिळते. म्हणूनच काविळीच्या औषधाची परीक्षा प्लासिबोशिवाय करता येत नाही.

अशी परीक्षा आपल्याकडे झालेली आहे, आणि ती झाली याचा आम्हांला अभिमान आहे. आरोग्यवर्धिनी आपणांपैकी अनेकांच्या घरात असेल. तिच्यात कुटकी हे प्रधान द्रव्य असते, जोडीला त्रिफळा, चित्रक, गुग्गुळ, शिलाजित, निंबाच्या पानांचा रस, आणि ताम्र, लोह, अभ्रक यांची भस्मे व पारा-गंधकही. तीव्र काविळीत आरोग्यवर्धिनीची चाचणी १९८० सालीच प्रसिद्ध झाली. पुढे केवळ कुटकीच्या मुळाचे चूर्ण घेऊन केलेली चाचणी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातून निघणाऱ्या 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' मध्ये १९९६ साली छापून आली. ३७५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, दोन आठवडे. रक्तातील बिलिरुबिन अडीच मिलिग्रॅमपर्यंत उतरण्यास प्लासिबो गटाला सरासरी ७५.९ दिवस लागले, कुटकीच्या गटाला २७.४ दिवस. फरक डोळ्यांत भरण्याजोगा आहे. परंतु रुग्ण किती? कुटकीचे १५ आणि प्लासिबोचे १८, एकूण ३३. आमच्या लेखा विभागात ३३ पावत्या तपासून कोणी वर्षाच्या हिशेबावर सही करणार नाही. हे काम पुढे शेकडो रुग्णांवर व्हायला हवे होते. तसे झाल्याचे आमच्या दोन्ही गुरूंना आढळले नाही, आणि याची खंत फिजिशियनांपेक्षा वैद्यांना अधिक होती.

भुईआवळीचे उदाहरण याहून चटका लावणारे आहे. ती आपल्या अंगणात पावसाळ्यात आपसूक उगवते. चेन्नईच्या डॉ. एस. पी. त्यागराजन यांनी हिपॅटायटिस 'बी' चे विषाणू शरीरात बाळगणाऱ्या लोकांना तिचे चूर्ण ३० दिवस दिले. या विषाणूचा शोध लावून १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळविणारे डॉ. बारूच ब्लूमबर्ग या संशोधनात सहभागी होते. १९८८ साली 'लॅन्सेट' मध्ये निष्कर्ष आले : भुईआवळी घेणाऱ्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातील विषाणूची खूण नाहीशी झाली, प्लासिबो घेणाऱ्या २३ पैकी केवळ एकाची. जगभर आशेची लाट उसळली. त्यानंतर थायलंडसह अन्य ठिकाणी संशोधकांनी तेच करून पाहिले आणि तसा परिणाम मिळाला नाही. आज हिपॅटायटिस 'बी' साठी लस आहे, विषाणू दाबून ठेवणाऱ्या गोळ्या आहेत, आणि २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. तरीही भुईआवळीच्या त्या पहिल्या बातमीच्या आधारावर कॅप्सूल विकल्या जातात. नंतरच्या चाचण्यांची बातमी पाकिटावर कोणी छापत नाही.

आता ज्या भागाविषयी बोलणे आम्हांला क्लेशकारक वाटते, तो भाग. गुळवेल ही अमृता. तिच्यावर के. ई. एम. मध्ये डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले काम अनेकांना ठाऊक असेल. पित्तमार्ग अडून कावीळ झालेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी गुळवेल देऊन त्यांची प्रतिकारशक्ती सावरते काय, हे त्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजून मापून पाहिले होते. २०२० साली करोनाच्या साथीत मात्र गुळवेल घरोघरी पोहोचली आणि मोजमाप मागे राहिले. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतील यकृततज्ज्ञांना सहा रुग्ण असे आढळले की ज्यांच्या यकृताला सूज आली होती आणि ज्यांच्या आहारविहारातील समान धागा गुळवेल हा होता. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटते, त्या प्रकारची ती सूज होती. २०२२ साली देशातील १३ केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. अनेकांना आधीपासून यकृताचा सुप्त विकार होता, जो त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हता. बहुतेक जण औषध थांबवल्यावर आणि उपचारांनी सुधारले, काही दगावले. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षाला आक्षेप घेतला. गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारखी दिसणारी दुसरी, खडबडीत गाठाळ खोडाची वेल चुकून वापरली गेली असावी, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. दुसऱ्या अभ्यासाच्या कर्त्यांनी, काही रुग्णांनी वापरलेली वेल खरी गुळवेलच असल्याचे सांगितले. हा वाद सोडवणे आमच्या अधिकारातले नाही. परंतु दोन्ही पक्ष खरे मानले तरी रुग्णालयाच्या खिडकीवर उभ्या असलेल्या माणसासाठी अर्थ एकच निघतो : वेल कोणती, किती आणि कोणाला, हे कोणीतरी पाहिले पाहिजे.

'पण हळद आणि लसूण तर रोजच्या जेवणातच आहेत', असे देणगीदारांच्या स्नुषा आम्हांला म्हणाल्या. अगदी बरोबर. जेवणात आहेत, आणि तेथे त्यांनी सुखाने राहावे. कॅप्सूलमध्ये गेल्यावर मात्र त्यांची जात बदलते. हळदीतील कर्क्युमिन शरीरात फारसे शोषले जात नाही. १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनी दाखवले की मिरीतील पायपरीन सोबत दिले तर ते वीसपट शोषले जाते. म्हणून आता अनेक कॅप्सूलमध्ये दोन्ही एकत्र भरतात. २०२२ साली अमेरिकेतील यकृतविकारांच्या नोंदीतून हळदीच्या अशा उत्पादनांशी संबंधित १० रुग्ण प्रसिद्ध झाले. त्यांतील सात जणांत एक विशिष्ट आनुवंशिक खूण आढळली. हिरव्या चहाचेही तसेच. कपातला चहा निरुपद्रवी, परंतु त्याच्या अर्कातील मुख्य द्रव्य दिवसाला ८०० मिलिग्रॅम वा त्याहून अधिक पोटात गेल्यास यकृताला ताण पडल्याची लक्षणे रक्तात दिसतात, असा युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०१८ चा निर्वाळा आहे. लसणीविषयी २००७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९२ माणसांना सहा महिने कच्ची लसूण किंवा तिच्या गोळ्या देऊन पाहिले. एल.डी.एल. जागचे हलले नाही. युरोपातून आलेले सिलिमारिन आपल्याकडे यकृतासाठी सर्रास लिहून दिले जाते. २०१२ साली हिपॅटायटिस 'सी' च्या १५४ रुग्णांना ते नेहमीपेक्षा मोठ्या मात्रेत २४ आठवडे दिले, लाभ दिसला नाही.

या सर्वांची एकत्रित परीक्षा २०२२ साली अमेरिकेत झाली. १९० माणसे, २८ दिवस. एका गटाला रोसुव्हास्टॅटिन ५ मिलिग्रॅम, एकाला प्लासिबो, उरलेल्यांना माशाचे तेल, दालचिनी, लसूण, हळद, वनस्पतिजन्य स्टेरॉल आणि लाल यीस्टचा तांदूळ. रोसुव्हास्टॅटिनने एल.डी.एल. सुमारे ३८ टक्के उतरले. बाकी एकही पदार्थ प्लासिबोहून सरस ठरला नाही, लसणीने तर ते किंचित वाढवले. येथे आमच्यातील हिशेबनीस जागा झाला आणि आम्ही विचारले, या चाचणीचा खर्च कोणी केला? रोसुव्हास्टॅटिन प्रथम बाजारात आणणाऱ्या कंपनीनेच. तेव्हा हा निकाल चिमूटभर मीठ बाजूला ठेवूनच वाचावा. मात्र स्टॅनफर्डच्या लसणीच्या चाचणीचा निष्कर्षही त्याच दिशेने जातो.

दोन गोष्टी आम्हांला सुखद वाटल्या. पहिली इसबगोलाची. गुजरात-राजस्थानात पिकणारे आणि आपण केवळ पोट साफ होण्यासाठी घेतो ते साधे भुसे. रोज सुमारे १० ग्रॅम भरपूर पाण्यातून घेतल्यास एल.डी.एल. ७ टक्क्यांच्या आसपास उतरते. ते आतड्यातील पित्ताचे आम्ल धरून ठेवते आणि नवे आम्ल बनवण्यासाठी यकृताला रक्तातले कोलेस्टेरॉल उचलावे लागते. अमेरिकन औषध प्रशासनाने १९९८ सालीच पाकिटावर हृदयहिताचा दावा छापण्यास अनुमती दिली. म्हणजे झाडाची वस्तू आहे म्हणून परीक्षेत नापास होते असे काही नाही. दुसरी गोष्ट स्टॅटिनची. ज्या गोळीला लोक 'केमिकल' म्हणून भितात तिचा जन्म बुरशीतून झाला आहे. जपानच्या डॉ. अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी सहा हजारांहून अधिक बुरशींचे अर्क तपासून पहिले स्टॅटिन शोधले, आणि १९८७ साली या कुळातील पहिली गोळी अमेरिकेत मान्य झाली. म्हणजे जवळपास गुगुलिपिडच्याच वेळी. एका अर्काची लाखो माणसांवर परीक्षा होत राहिली, दुसऱ्याची थांबली. लाल यीस्टच्या तांदळातही मूळचे स्टॅटिनच असते, पण ते किती असेल याचा नेम नसतो. २०२४ च्या मार्चमध्ये जपानमध्ये अशाच एका उत्पादनाने अनेकांची मूत्रपिंडे बिघडली आणि सर्व माल परत बोलवावा लागला.

स्टॅटिनने यकृत खराब होते ही भीती आमच्या खिडकीवर रोज ऐकू येते. गंभीर इजा अत्यंत विरळ असल्याने २०१२ साली अमेरिकन प्रशासनाने यकृताची नियमित ठरावीक काळाने तपासणी करण्याची अट काढून टाकली. गोळी सुरू करण्यापूर्वी एकदा आणि पुढे डॉक्टरांना गरज वाटेल तेव्हा, एवढे पुरते. स्नायू दुखत असल्यास मात्र सांगावे, लपवू नये, आणि स्वतःहून गोळी थांबवू नये.

हे शेवटचे वाक्य आम्ही का उच्चारतो ते सांगतो. हृदयाच्या धमनीत स्टेंट घातलेले एक गृहस्थ गेल्या वर्षी पहाटे आपल्याकडे दाखल झाले. त्यांच्या पत्नीने पिशवीतून आणलेल्या कॅप्सूलच्या डबीवर 'पूर्णतः नैसर्गिक, दुष्परिणामरहित' असे छापले होते. ती सुरू केल्यावर नेहमीच्या गोळ्या त्यांनी सहा महिन्यांपूर्वी बंद केल्या होत्या. त्या कॅप्सूलने त्यांचे काही बिघडवले असे आमचे डॉक्टर म्हणत नाहीत. जे चालू होते ते बंद झाले, एवढ्यानेच घात झाला. गृहस्थ वाचले. शेतात जाणे मात्र थांबले आहे. त्यांच्या कुटुंबीयांच्या संमतीने आम्ही हे सांगत आहोत, आणि ते आज सभागृहात आहेत.

आम्ही देणगीदार कुटुंबाला हे सर्व टिपण जसेच्या तसे पाठवले. त्यांच्याकडून पहिला प्रश्न आला तो अपेक्षितच होता : 'म्हणजे आपल्या रुग्णालयाचा आयुर्वेदावर विश्वास नाही काय?' याचे उत्तर आमच्या वैद्यांनीच लिहिले. त्यांचा आशय असा की आयुर्वेद प्रकृती पाहून, नाडी पाहून, मात्रा आणि पथ्य ठरवून एका माणसाला औषध देतो. शोधन न केलेला गुग्गुळ तो पोटात जाऊ देत नाही. न पाहिलेल्या हजार माणसांना एकच कॅप्सूल वर्षभर वाटणे ही कल्पना ना चरकाची, ना ॲलोपॅथीची. आमचा आयुर्वेद विभाग पूर्वीप्रमाणेच चालू आहे आणि चालू राहील.

कुटुंबाने फार मोठ्या मनाने अट बदलून दिली. त्या निधीतून आता गरजू रुग्णांच्या यकृताच्या व चरबीच्या रक्तचाचण्या, यकृताची सोनोग्राफी आणि आहारतज्ज्ञांचा सल्ला विनामूल्य केला जातो. आहारतज्ज्ञावर खर्च कशाला, असे एका विश्वस्तांनी विचारले होते. त्यांच्यासाठी आमच्या फिजिशियनांनी क्युबातील २०१५ सालचा अभ्यास दाखवला. यकृतात चरबी साठून सूज आलेल्या २९३ रुग्णांना वर्षभर आहार-व्यायामावर ठेवले. ज्यांनी वजन १० टक्के वा अधिक उतरवले, त्यांच्यापैकी ९० टक्के जणांची सूज यकृताच्या तुकड्याच्या तपासणीत नाहीशी झालेली आढळली. इतका निकाल आम्ही अभ्यासलेल्या कोणत्याही कॅप्सूलचा नाही. अडचण इतकीच की वजन उतरवणे बाटलीत भरून विकता येत नाही, आणि त्यासाठी कोणीतरी महिन्यामागून महिना रुग्णाच्या मागे लागावे लागते. तो पगार या निधीतून निघतो.

केसपेपरवर आम्ही एक नवा रकाना छापून घेतला आहे : 'घरी चालू असलेली अन्य औषधे, चूर्णे, काढे.' परिचारिका तो विचारतात तेव्हा रागावण्यासाठी विचारत नाहीत. पुष्कळ रुग्ण 'ते काय औषध नव्हे' असे म्हणून उत्तर टाळतात, आणि नेमके तेच आम्हांला हवे असते. कुटकी किंवा अन्य वनस्पतीवर एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाने रीतसर चाचणी काढली, तिची भारतीय चाचणी नोंदवहीत आधी नोंद केली, नीतिसमितीची मान्यता घेतली आणि रुग्णांना प्लासिबोची स्पष्ट कल्पना दिली, तर आपल्या रुग्णालयाने तीत सहभागी व्हावे, असा ठराव विश्वस्तांनी संमत केलेला आहे. त्यासाठी या निधीतील एक लहान हिस्सा स्वतंत्र खात्यात ठेवला असून त्याचा तपशील लेखापरीक्षित विवरणात दिलेला आहे.

रुग्णांच्या आप्तांना शेवटी एक विनंती. पुढच्या वेळी बाह्यरुग्ण विभागात येताना घरात चालू असलेल्या साऱ्या गोळ्या, डब्या आणि पुड्या एका पिशवीत घालून आणाव्यात, लेबले फाडू नयेत. काढा घरीच करीत असाल तर त्या वेलीची काडी आणि दोन पाने कागदात गुंडाळून आणावीत. खोली क्रमांक चारमध्ये आमचे वैद्य सकाळी दहा ते एक बसतात, ते पाहून सांगतील. त्यासाठी शुल्क नाही.